रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुर्बीण कशाला?

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत सांगलीत गेली २६ वर्षं सोनोग्राफी करणाऱ्या एक डॉक्टर.

मागच्या अंकाच्या शेवटी ‘लघवीच्या पिशवीच्या तपासण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ एवढं एक वाक्य टाकलं होतं. पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जी पत्रं आली त्यातल्या निम्म्यांवर नाव नाही. पित्ताशयातल्या खड्यांबद्दल लिहिताना लोक नाव, गाव, फोन आणि जमलंच तर शेजाऱ्याचाही रिपोर्ट जोडतात. लघवी म्हटलं की सगळे ‘एक वाचक’. असू दे, नावं मी तशीही छापत नाही. सहा पत्रं निवडली आहेत. त्यातल्या एकाला बाकीच्यांपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण तसं पत्र दर महिन्याला माझ्या खोलीत पायांनी चालत येतं, आणि बहुतेक वेळा उशिरा येतं.

मी मिरजेत शिक्षिका आहे, वय ३४. गेल्या महिन्यात ओटीपोटाची सोनोग्राफी होती. एक लिटर पाणी पिऊन बसायला सांगितलं. नंबर यायला दीड तास लागला. शेवटी राहवेना म्हणून जाऊन आले, तर तिथल्या बाई ओरडल्या, ‘आता परत प्या!’ एवढं पाणी खरंच लागतं का? शाळेतलं स्वच्छतागृह बरं नाही, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. मला ही सवयच नाही.

ताई, ओरडायला नको होतं. दीड तास ताटकळत ठेवलं यात तुमच्या पिशवीचा काय दोष? काही वर्षांपूर्वी मी स्वतः दुसऱ्या एका गावात पेशंट म्हणून बाकावर बसले होते. पाणी पिऊन झालेलं, आतल्या डॉक्टर जेवायला गेलेल्या. समोरच्या भिंतीवरचा ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा बोर्ड मी किती वेळा वाचला असेन त्याला गणती नाही. शेवटी उठून, पाय आवळून, रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, ‘बाई गं, मीपण डॉक्टर आहे, पण आत्ता त्याला काही अर्थ नाही.’ तेव्हापासून माझ्याकडे ज्याला लागली त्याचा नंबर पहिला. बाहेरचे कुरकुरतात.

पाणी मात्र लागतं. सोनोग्राफी म्हणजे आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज. तो आत सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. या आवाजाला वारा चालत नाही, आणि पोट म्हणजे आतडी आणि आतड्यांत वारा. पिशवी रिकामी असली की ती हाडामागे चेपून बसते आणि तिच्यावर आतडी येऊन पडतात. भरली की फुगून वर येते, आतडी बाजूला सारते आणि मला खिडकी उघडी मिळते. लघवी पडद्यावर काळी कुळकुळीत दिसते, कारण तिच्यातून आवाज परत फिरत नाही. त्या काळ्यावर काहीही पांढरं असलं की नजरेत भरतं. पिशवीच्या तोंडाशी अडकलेला मूतखडाही पिशवी भरलेली असेल तरच नीट सापडतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी आणि त्यांचे सहकारी पेशंटला चक्क पाण्याच्या टाकीत बसवून सोनोग्राफी करत. टाकी कसली, तर बी-२९ या लढाऊ बॉम्बर विमानाच्या बंदुकीच्या घुमटाची. तेव्हा माणूस पाण्यात बसायचा, आता पाणी माणसात. तुमची गैरसोय त्या मानाने कमीच म्हणायची.

किती प्यायचं? मला पिशवीत ३०० ते ४०० मिली पुरतं. तपासणीच्या साधारण तासभर आधी लघवीला जाऊन या, मग तीन-चार पेले साधं पाणी सावकाश प्या. सोडा नको, त्याचा वारा होतो. वाट बघताना भडंगही नको, हे सांगलीत सांगायलाच लागतं. पण खरी गोम तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. दिवसभर कोरडं राहून तासभर आधी बाटली ढोसली तर पिशवी भरत नाही. उन्हाळ्यात शेताला पहिलं पाणी सोडल्यासारखं होतं: आधी जमीन पिते, सरी मागाहून भरते. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र हा सल्ला वाचून सोडून द्यावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शाळेच्या स्वच्छतागृहाचं मी काय लिहू? ऊसतोडीला येणाऱ्या बायका हेच सांगतात, मार्केट यार्डातल्या बायका हेच सांगतात, आता शिक्षिकाही. लघवीच्या इन्फेक्शनचे निम्मे रिपोर्ट मी यंत्र न लावता लिहून देऊ शकेन.

वर्षात चार वेळा सोनोग्राफी झाली. किरणं लागली असतील का?

नाही. सोनोग्राफीत आवाज असतो, एमआरआयमध्ये चुंबक. क्ष-किरण एक्स-रे आणि सीटीत असतात. पुढचं पत्र.

माझे वडील, वय ६७, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. दिवाळीनंतर दोनदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या, थांबलं. सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. तरी मिरजेचे डॉक्टर म्हणतात, दुर्बीण घालून बघू. वडील म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे तर दुर्बीण कशाला? फार तर एमआरआय काढतो, पण खालून काही घालू देणार नाही. ते ४० वर्षं बिडी ओढतात. बाहेरून बघून भागणार नाही का?

दादा, वडिलांची दुर्बीण, म्हणजे लघवीच्या वाटेने आत जाऊन पिशवी डोळ्यांनी बघायची तपासणी, करून घ्या. उत्तर आधी सांगितलं, आता सावकाश कारणं वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा.

मी बाहेरून बघणारी बाई आहे. माझं पोटच त्यावर चालतं. तरी सांगते, न दुखता लाल लघवी झालेला ६७ वर्षांचा बिडी ओढणारा माणूस, आणि त्याच्या हातात माझा ‘नॉर्मल’ रिपोर्ट, ही जोडी बघितली की मला माझ्याच कागदाची भीती वाटते.

२००३ची गोष्ट. जतकडचे एक मेंढपाळ काका आले होते. तक्रार हीच, लाल लघवी, दुखणं नाही. संध्याकाळची वेळ, गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला. पिशवीत जेमतेम ८०-९० मिली. ‘बाई, थांबलो तर मुक्काम करावा लागंल,’ म्हणाले. मी तशीच तपासणी केली आणि लिहून दिलं: ‘मूत्राशय अपुरे भरलेले. उघड दोष दिसत नाही.’ त्यातलं पहिलं वाक्य मी माझ्या बचावासाठी लिहिलं होतं. त्यांनी घरी नेलं ते दुसरं. आठ महिन्यांनी परत आले तेव्हा पिशवी भरलेली होती, आणि उजव्या भिंतीवर सव्वातीन सेंटिमीटरची गाठ होती, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. जुना कागद त्यांनी घडी घालून कोपरीच्या खिशात जपून ठेवला होता. त्यावर माझीच सही. मुळं स्नायूत गेली होती, पिशवी काढावी लागली. पोटावर बाहेरची पिशवी लावून ते पुढे नऊ वर्षं मेंढरांमागे हिंडले, दरवर्षी मला भेटून जायचे आणि एकदाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता अपुऱ्या पिशवीवर मी रिपोर्ट देत नाही. एसटी चुकली तर चुकली.

पण समजा पिशवी नीट भरली आहे, यंत्र चांगलं आहे, बघणारी घाईत नाही. तेव्हा काय दिसतं ते सांगते. काळ्या तळ्यात एक पांढरा ठिपका दिसला की मी पेशंटला कुशीवर वळायला सांगते. ठिपका घरंगळला आणि त्याच्या मागे काळी सावलीची शेपूट पडली, तर तो खडा. हलला पण शेपूट नाही, गाळासारखा तरंगत खाली बसला, तर बहुतेक रक्ताची गुठळी. भिंतीला धरून बसला, जागचा हललाच नाही, आणि कलर डॉप्लर लावल्यावर त्यात लाल-निळे धागे दिसले, म्हणजे रक्तपुरवठा, तर ती गाठ. एवढं सगळं पाच मिनिटांत, काही न टोचता. सोनोग्राफीचं मला कौतुक आहे ते यासाठी.

जे दिसत नाही तेही ऐका. पाच मिलिमीटरच्या आतली गाठ सहज निसटते. पिशवीची पुढची भिंत, म्हणजे माझ्या हातातल्या प्रोबला सगळ्यात जवळची, तिथे पडद्यावर एक धूसर पट्टा येतो. पोटाच्या थरांमध्ये आवाज उगाच येरझाऱ्या घालतो त्याचा तो. त्या पट्ट्यात बारीक गाठ लपून राहू शकते. पुरुषांच्या पिशवीच्या तोंडाशी असणारी प्रोस्टेट ग्रंथी वाढून पिशवीत डोकावत असेल तर तिच्या कडेची गाठ प्रोस्टेटचाच उंचवटा वाटते. आणि एक प्रकारचा कॅन्सर असा आहे की त्याला उंचीच नसते. आतल्या अस्तरावर लालसर मखमली डाग पडावा तसा तो पसरतो. ज्याला उंची नाही त्याचं चित्र सोनोग्राफीत उमटत नाही, सीटीत नाही, एमआरआयमध्येही त्याचा भरवसा नाही. आणि तो स्वभावाने वाईट असतो. तो डाग डोळ्यांनीच बघावा लागतो. लघवीतल्या पेशींची तपासणी केली तर असल्या आक्रमक पेशी कधी कधी सापडतात, पण मवाळ गाठी त्या तपासणीला बऱ्याचदा चकवतात. म्हणून तीही एकटी पुरत नाही.

रक्त गोळ्यांनी थांबलं असं गावातल्या डॉक्टरांना वाटलं, तुम्हालाही वाटलं. या गाठींचं रक्त आपोआपही थांबतं. येतं, जातं, मग दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. तेवढ्यात छाटणी येते, मग बेदाण्याचे दिवस, मग लग्नसराई.

बीट खाऊनही लघवी लाल होते, टीबीच्या एका गोळीने नारिंगी होते, म्हणून आधी लघवीच्या साध्या तपासणीत रक्तपेशी आहेत ना ते बघतात. मिरजेच्या डॉक्टरांनी ते बघितलंच असेल. नसेल तर विचारा.

बिडीचं थोडं. धूर जातो छातीत, मग पिशवीचा काय संबंध, असं वडील विचारतील. धुरातली काही रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळून लघवीत टाकते, आणि लघवी तासन्‌तास पिशवीत साठून राहते. अस्तर त्यात भिजत पडतं. त्याच कुळातली रसायनं कापडाच्या रंगांत असायची. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना पिशवीच्या गाठी होतात हे पहिल्यांदा मांडलं. त्याच वर्षी, त्याच देशात राँटगेनला क्ष-किरण सापडले. ओढणाऱ्याला हा कॅन्सर व्हायचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट. वडिलांना हे घाबरवायला सांगू नका, पण सांगा.

आता एमआरआय. वडिलांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, फक्त पायरी चुकलीय. एमआरआयचं खरं काम गाठ सापडल्यानंतरचं. गाठ अस्तरापुरती आहे की मुळं स्नायूत गेली, हे त्यात फार छान कळतं. २०१८पासून त्यासाठी व्हीआय-रॅड्स नावाची एक ते पाच गुणांची पद्धत आली आहे. एक म्हणजे स्नायू शाबूत असण्याची शक्यता फार मोठी, पाच म्हणजे मुळं स्नायू ओलांडून गेल्याची शक्यता फार मोठी. दर चारांपैकी साधारण तिघांची गाठ पहिल्यांदा सापडते तेव्हा स्नायूपर्यंत गेलेली नसते. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते, पिशवी राहते. हा एमआरआय गाठ खरवडण्याच्या आधी काढलेला चांगला, कारण नंतरची सूज आणि गाठ यांतला फरक काही दिवस कळत नाही. तेव्हा वडिलांना सांगा, एमआरआय लागलाच तर काढू, पण आधी काढून दुर्बीण टळणार नाही. पैसे दोन्हीचे जातील.

सीटी युरोग्राफी सांगितली तर मात्र तीही करून घ्या, ती दुर्बिणीची सवत नाही. किडनीच्या आतून निघून नळीतून पिशवीपर्यंत एकच अस्तर पसरलेलं असतं. दुर्बीण पिशवी बघते, सीटी वरचा सगळा रस्ता बघते. शिरेतून आयोडीनचं औषध देतात आणि ते किडनीतून खाली उतरेपर्यंत थांबून पुन्हा फोटो घेतात. त्याआधी किडनी नीट चालते ना ते बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी अशा औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगायचं, झोपल्यावर नाही.

राहिली वडिलांची भीती. ती मला कळते. बापाशी या विषयावर बोलायला मुलगा कचरतो, मुलाशी बापही. १८७७मध्ये जर्मनीत मॅक्स नित्झेने पहिली चांगली दुर्बीण दाखवली तेव्हा तिच्या टोकाला तापून पांढरी झालेली प्लॅटिनमची तार होती, आणि भाजू नये म्हणून भोवती गार पाणी खेळवायचे. ती दुर्बीण असती तर मीही वडिलांच्या बाजूने उभी राहिले असते. आता लवचिक दुर्बीण मिळते, शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. बधिर करणारी जेली घालतात, काही मिनिटं थांबतात, बघायला पाच-दहा मिनिटं लागतात. नंतर एक-दोन दिवस जळजळ, थोडं गुलाबी पाणी. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: लवचिक आहे की सरळ, आणि सरळ असेल तर भूल कोणती देणार. वडिलांना वेळ ठरवून न्या. ‘बघू’ म्हणालात की ते बागेत जातील.

विट्याहून लिहितो. वय ६१, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. रात्री तीन वेळा उठावं लागतं. रिपोर्टमध्ये ‘प्रोस्टेट ४२ ग्रॅम, पीव्हीआर १८० मिली’ लिहिलंय. शेजारी म्हणतात, ऑपरेशन ठरलं. हे आकडे आले कुठून?

काका, शेजाऱ्यांना जरा थांबवा.

पीव्हीआर म्हणजे लघवी करून आल्यावर पिशवीत उरलेली लघवी. यंत्र ती मोजत नाही, हिशोब करते. आम्ही पडद्यावर पिशवीची लांबी, रुंदी, खोली मोजतो, तिन्हींचा गुणाकार करतो आणि त्याला ०.५२ने गुणतो, कारण पिशवी खोक्यासारखी चौकोनी नसते, अंड्यासारखी असते. तुमची प्रत्येक बाजू सात सेंटिमीटर धरली तर ३४३ गुणिले ०.५२, म्हणजे १७८. झाले तुमचे १८०. तिकिटाच्या हिशोबात आयुष्य गेलंय तुमचं, करून बघा. प्रोस्टेटचे ग्रॅमही याच सूत्राने येतात.

५० मिलीच्या आत उरलं तर आम्ही लक्ष देत नाही. १८० जास्तच आहे. पण त्या दिवशी तुम्ही किती वेळ रोखून बसला होता? पिशवी प्रमाणाबाहेर ताणली की तिचा स्नायू दमतो आणि एका दमात रिकामी होत नाही. रबर जास्त ताणून सैल पडावं तसं. शिवाय परक्या संडासात, बाहेर कोणी दार वाजवतंय, अशात कोण मोकळा होतो? माझ्याकडे असा आकडा आला की मी पेशंटला बाहेर चक्कर मारून परत जाऊन यायला सांगते आणि पुन्हा मोजते. कितीतरी वेळा १८०चे ६० झालेले बघितलेत. तुमचं दुसऱ्यांदा मोजलं होतं का? नसेल तर आणखी एकदा, पिशवी फक्त बेताची भरून, मोजून घ्या. सर्दीची गोळी चालू होती का तेही आठवा. त्यातल्या काही औषधांनी लघवी अडते. दरवर्षी थंडीत या एका कारणाने लघवी तुंबून आलेले दोन-चार काका तरी मी बघते.

४२ ग्रॅमचं फार मनावर घेऊ नका. तरुणपणी प्रोस्टेट २० ग्रॅमच्या आसपास असते, साठीनंतर बहुतेकांची वाढते. ३० ग्रॅमवाला रात्रभर जागा आणि ८० ग्रॅमवाला घोरत झोपलेला, असंही मी बघते. मी रिपोर्टमध्ये आकारापेक्षा दुसऱ्या तीन गोष्टी शोधते. प्रोस्टेटचा मधला भाग पिशवीत किती डोकावतोय. भरलेल्या पिशवीची भिंत जाड, खडबडीत झालीय का. आणि किडन्या फुगल्यात का. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या परिच्छेदात किडन्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तो परिच्छेद कोणी वाचत नाही. किडन्या ठीक असतील तर औषधांना वेळ आहे. लघवीची धार मोजायची युरोफ्लो तपासणी सांगतील, तीही करा. एका भांड्यात लघवी करायची एवढंच, बाकी काही नाही. सेकंदाला १५ मिलीच्या वर धार असेल तर बरी, १०च्या खाली असेल तर बहुतेक अडथळा आहे, नाहीतर पिशवीचा स्नायू अशक्त झालाय. ऑपरेशन लागेल की नाही हे युरोलॉजिस्ट हे सगळं समोर ठेवून सांगतील.

मुलगी चार वर्षांची. वर्षात दोनदा ताप येऊन लघवीचं इन्फेक्शन झालं. सोनोग्राफी ठीक आली. तरी नळी घालून एक्स-रे काढायला सांगितलाय. एवढ्या लहान लेकराला नळी? नळीशिवाय काही नाही का?

ताई, त्या तपासणीला एमसीयू म्हणतात. लघवी पिशवीतून उलटी किडनीकडे चढते का, ते त्यात बघतात. हा उलटा प्रवास लघवी करताना होतो, आणि मी सोनोग्राफी करते तेव्हा मूल गप्प पडलेलं असतं. म्हणून माझा रिपोर्ट ठीक येऊनही दोष असू शकतो. क्ष-किरण टाळून, बारीक बुडबुड्यांचं औषध घालून सोनोग्राफीवर हीच तपासणी करता येते, पण तिलाही नळी लागतेच. नळीशिवाय, शिरेतून औषध देऊन न्यूक्लिअर स्कॅनने बघायची एक पद्धत आहे. सांगितल्यावर लघवी करू शकणाऱ्या मुलांत ती चालते, चार वर्षांची मुलगी त्यात बसू शकेल. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारा. त्यात बारीकसारीक कमी दिसतं, म्हणून ते नको म्हणाले तर वाद घालू नका.

नळी घातलीच तर मुलीला आदल्या दिवशी खरं सांगा. ‘काही होणार नाही’ म्हणू नका. लहान मुलं नळी विसरतात, थाप विसरत नाहीत. आणि सोनोग्राफीला आणाल तेव्हा तिला लिटरभर पाणी पाजू नका. मुलांच्या पिशवीचा हिशोब सोपा आहे: वयात एक मिळवा आणि ३०ने गुणा. चार वर्षांची म्हणजे १५० मिली, एक फुलपात्रं.

सासऱ्यांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली, अंथरुणावरच आहेत, कायम नळी आहे. लघवीत गाळ येतो, नळी सारखी तुंबते. डॉक्टर म्हणाले, पिशवीत खडा आहे का बघा. जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात. हल्ली मशीन बॅगेत मावतं म्हणे. तुम्ही घरी येऊन कराल का? पैसे लागतील ते देऊ.

वहिनी, मशीन बॅगेत मावतं, फोनलाही जोडता येतं. पण ते घेऊन मी तुमचा जिना चढले तर मशीन जप्त होईल आणि मी कोर्टात उभी राहीन. गर्भलिंग निदान रोखण्याचा १९९४चा कायदा सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राला लागू आहे, मग पोट ७८ वर्षांच्या सासऱ्यांचं का असेना. २०१२च्या दुरुस्तीनंतर हलतं यंत्र एक तर नोंदणी झालेल्या जागेत, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठी वापरता येतं, नाहीतर सगळ्या सोयी असलेल्या फिरत्या दवाखान्यात. घरी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे यात हाल होतात आणि मला ते दिसतात. पण हा कायदा का आला तेही मी याच जिल्ह्यात राहून बघितलंय, म्हणून मी त्याच्यावर चिडत नाही.

तेव्हा एकदाच आणा, पण फेरी वाया जाणार नाही अशी आणा. नळी तुंबते तेव्हा बदलावीच लागते ना? बदलायची तारीख आणि सोनोग्राफी एकाच दिवशी, एकाच इमारतीत जमते का बघा. स्ट्रेचर यंत्रापर्यंत जातं का, लिफ्ट आहे का, हे फोनवर आधी विचारा.

कायम नळी असलेल्यांची आतली पिशवी सदा रिकामी असते. सगळी लघवी बाहेरच्या पिशवीत. अशा पेशंटमध्ये मला दिसतो तो फक्त नळीच्या टोकाचा फुगा, पडद्यावर बांगडीसारखा गोल, आणि त्याला चिकटून बसलेली भिंत. त्या घडीत खडा असला तरी कळत नाही. म्हणून निघण्याआधी नळी चिमट्याने बंद करावी लागते. किती वेळ, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बहुतेक वेळा तास-दीड तास पुरतो, पण मणक्याला मार असलेल्या काहींचा रक्तदाब त्याने एकदम चढतो, म्हणून आपल्या मनाने करू नका. वाटेत सासरे अस्वस्थ झाले, घाम आला, डोकं दुखायला लागलं तर चिमटा लगेच काढा. पिशवी रिकामी झाली तर आपण परत भरू.

चिमटा लावलेली वेळ एका चिठ्ठीवर लिहा आणि ती सासऱ्यांच्या सदऱ्याला टाचणीने लावून आणा. सोबत येणारी चारही माणसं ती वेळ वेगवेगळी सांगतात.